तांबडीचा कोंबडा

नांदेडहून लातूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर लोहा मागे पडले की माळेगाव येते. एरवी हे गाव चारचौघा गावांसारखेच शांत. परंतु मार्गशीर्ष वद्य चतुर्दशी जवळ आली की तेथील माळावर जणू एक नवे नगर वसते. खंडोबाची पालखी निघते, 'येळकोट येळकोट जय मल्हार' या गजराने माळ दुमदुमून जातो आणि भंडाऱ्याने माणसांच्या कपाळांबरोबर रस्त्यावरची धूळही पिवळी होते. घोडे, गाढवे, उंट यांचा बाजार भरतो. पलीकडे जनावरांचे प्रदर्शन असते. जवळच्याच कंधारचे नाव मिरविणारी लाल कंधारी गाय आणि लातूरकडील देवणी गाय या तेथील दोन मानकरणी. जाणते लोक देवणीकडे नुसते पाहून सांगतात, की ही तोंडाच्या कडा काळ्या असलेली वानेरा, ती अंगावर काळे डाग असलेली शेवरा. या साऱ्या थाटामाटाच्या एका बाजूला कोंबड्यांचेही पिंजरे मांडलेले असतात. घोड्यांच्या टापांकडे कान लागलेले असताना तिकडे फारसे कोणी फिरकत नाही. मीही कित्येक वर्षे फिरकलो नव्हतो.

खरे सांगायचे तर कोंबडी या प्राण्याशी माझी ओळख शब्दांपुरतीच होती. मराठी भाषेचा अभ्यास केला, तीच शिकविली आणि शेवटी लोहा तालुक्यातील एका लहान गावच्या शाळेत मुख्याध्यापक झालो. 'कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही' ही म्हण मी कितीतरी वर्गांना समजावून दिली असेल. पण कोंबडे झाकायचे कशाने, हे मला विचारले असते तर सांगता आले नसते. डालग्याने झाकतात, हे मला सातवीतल्या एका मुलीने सांगितले. तिचे नाव मी येथे लिहीत नाही. "माझ्याबद्दल नको, सर, कोंबड्यांबद्दल लिहा," असे तिनेच मला बजावले आहे.

२०१९ सालच्या आरंभीची ही गोष्ट. कार्यानुभवाच्या तासाला आमच्या शाळेत कागदाच्या फुलांपलीकडे काही होत नसे. मुले शेतकऱ्यांची आणि मजुरांची. त्यांना कागदाची फुले करायला लावताना मलाच संकोच वाटे. म्हणून मी विचारले, की घरी ज्याची निगा राखता येईल असे काय काय तुमच्याकडे आहे? कोणी शेळी म्हणाले, कोणी कारल्याचा वेल. आठ मुलांनी कोंबड्या सांगितल्या. त्या आठांचे एक मंडळ केले. बाकीच्या वर्गाने हसत हसत त्याला 'कुकूचकू मंडळ' असे नाव दिले आणि तेच कायम झाले. नियम एकच होता : ज्याने त्याने वही ठेवायची. अंडी किती, दाणे किती, पिले किती जन्मली, किती मेली आणि कशाने मेली, हे रोज लिहायचे. हा नियम माझा. कोंबडीविषयी काही ठाऊक नसलेल्या मास्तराला वहीखेरीज दुसरे काय सुचणार?

आठांपैकी पाच वह्या होळीपर्यंत बंद पडल्या. दोन पावसाळ्यापर्यंत चालल्या. या मुलीची वही मात्र चालूच राहिली.

तिच्या आजीची एक तांबडी कोंबडी होती. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात ती खुडूक झाली. खुडूक होणे म्हणजे काय, हे तुमच्यापैकी ज्यांच्या घरी कोंबड्या आहेत त्यांना सांगायला नको. कोंबडी अंडी द्यायची थांबते, पिसे फुलवून एका जागी बसून राहते, जवळ गेले की घशातून खरखर आवाज काढून चोच मारते. शहराभोवतीच्या मोठ्या पिंजऱ्यांतील पांढऱ्या कोंबड्या वर्षाला तीनशेच्या घरात अंडी देतात, पण त्या खुडूक होत नाहीत; माणसाने पिढ्यान्‌पिढ्या निवड करून त्यांच्यातून ती वृत्तीच काढून टाकली आहे. आपली गावरान कोंबडी वर्षाला साठ-सत्तर अंडी देते, आणि मध्येच सारे सोडून रवणावर बसते. 'रवण' हा शब्द मी त्या आजींच्या तोंडून प्रथम ऐकला. इतकी वर्षे भाषा शिकवून हा शब्द माझ्याजवळ नव्हता, याची मला थोडी लाज वाटली.

आजींनी एका फुटक्या टोपल्यात राख पसरली, वर ज्वारीचे भुसकट घातले आणि तेरा अंडी मांडली. अंडी विषम संख्येनेच मांडायची, हा त्यांचा दंडक. मेघगर्जनेने अंडी बिघडू नयेत म्हणून त्यांनी भुसकटात लोखंडाचा एक तुकडाही ठेवला. नातीने वहीत लिहिले, 'अंडी १३. लोखंड १.' मला हसू आले. पण खोडायला मी सांगितले नाही.

सातव्या रात्री तिने दिवा मालवून, विजेरीच्या तोंडावर एकेक अंडे धरून पाहिले. ज्यात पिलू धरले आहे त्यात कोळ्यासारखा एक ठिपका व त्यातून फुटलेल्या तांबड्या शिरा दिसतात. ज्यात नाही ते अंडे स्वच्छ, पाण्याने भरल्यासारखे दिसते. दोन अंडी तशी निघाली. ती तिने बाजूला काढली. आजींना हे पटले नाही. अंडे असे उजेडात धरल्याने दृष्ट लागते, असे त्यांचे म्हणणे होते. एकविसाव्या दिवशी अकरांतून नऊ पिले बाहेर आली, तेव्हा त्या काही बोलल्या नाहीत. पण पुढच्या वेळी विजेरी त्यांनीच आणून दिली, असे मला पुढे कळले.

त्या नऊ पिलांत एक गर्द तांबड्या रंगाचे होते. हाच आपला कोंबडा.

पिले वाढविणे हे काम बाहेरून सोपे दिसते. पहिल्या महिन्यात त्या मुलीची वही वाचताना मला धडकी भरे. 'एक पिलू घारीने नेले.' 'एक पाण्यात बुडाले.' ती परात खोल होती. दुसऱ्या दिवशी तिने पाण्याच्या परातीत लहान दगड घातले, म्हणजे पिलाला त्यावर उभे राहता यावे. तिसरे एक पिलू मुंगसाने नेले. आजी तिला एक जुनी युक्ती शिकवून होत्या. मडक्यात शेण आणि भुसकट भरून ते ओलसर जागी रात्री पालथे घालायचे. सकाळी उचलले की आत वाळवी लागलेली असते आणि पिले तिच्यावर तुटून पडतात. पिलांना जे प्रथिन आपण बाजारातून विकत आणतो ते असे फुकट मिळते. त्या वर्षीचा उन्हाळा कडक होता, पाणी विकत घ्यावे लागत होते. दुपारी तिने डालगे लिंबाखाली हलवावे, भोवतीच्या गोणपाटावर पाणी शिंपडावे आणि तेवढ्या पाण्यासाठी घरात बोलणी खावीत, असा क्रम चाले.

लसीची कथा थोडी सविस्तर सांगितली पाहिजे, कारण पुढे जे घडले त्याचे मूळ तेथे आहे.

कोंबड्यांना होणाऱ्या रोगांत मानमोडी हा फार वाईट. कोंबडी घरघरते, हिरवट पांढरी घाण टाकते, तिची मान वळते आणि पाहता पाहता खुराडेच्या खुराडे रिकामे होते. १९२६ साली इंग्लंडातील न्यूकॅसल येथे हा रोग ओळखला गेला म्हणून इंग्रज त्याला त्या गावाच्या नावाने ओळखतात. आपल्याकडे पुस्तकांत त्याला कुमाऊंतील राणीखेतचे नाव आहे. गावात मात्र मानमोडी. १९१८ साली माणसांत जी तापाची भयंकर साथ आली तिलाही आपल्या लोकांनी मानमोडी हेच नाव दिले होते. जो शब्द माणसांच्या इतक्या मोठ्या संहाराला लावला, तोच आपण कोंबड्यांच्या रोगालाही लावतो. गरिबाच्या घरी खुराडे रिकामे होणे म्हणजे काय, हे त्यावरून ओळखावे.

या रोगावर औषध नाही, लस आहे. पिलू सात दिवसांचे झाले की डोळ्यात किंवा नाकपुडीत एक थेंब टाकायचा, आणि दोन महिन्यांनी दुसरी लस टोचायची. अडचण अशी, की लसीच्या एका लहानशा कुपीत पुष्कळ पक्ष्यांना पुरेल इतके थेंब असतात, ती बर्फात ठेवूनच आणावी लागते आणि एकदा कालविली की दोन तासांत संपवावी लागते. सहा पिलांसाठी कुपी फोडणे कोणाला परवडणार? तालुक्याहून येणारे पशुधन पर्यवेक्षक तिला म्हणाले, "गावातली सारी पिले एका सांजेला गोळा करून दाखव, मी थर्मास घेऊन येतो."

ती घरोघर फिरली. सांजवेळ निवडली होती, कारण त्या वेळी कोंबड्या आपण होऊन खुराड्यात येतात. दिवसा त्यांच्यामागे धावणे म्हणजे वाऱ्यामागे धावणे. निम्म्या गावाने तिचे ऐकले. उरलेल्या निम्म्यात आमच्या शाळेच्या मागची आळी होती. औषध घातले की कोंबडी अंडी द्यायची बंद होते, अशी तिकडे पक्की समजूत. तिने हात जोडले, तेथल्या म्हाताऱ्यांनी तिचे कौतुक करून तिला परत पाठविले. वहीत तिने दोन रकाने पाडले होते : 'थेंब दिला' आणि 'थेंब नाही'. दुसऱ्या रकान्यात घरधन्यांची नावे नव्हती, फक्त कोंबड्यांची संख्या होती. मी विचारले तेव्हा म्हणाली, "नावं लिहिली तर भांडणं होतील, सर."

पावसाळा सरता सरता तो कोंबडा डौलदार झाला. तुरा जास्वंदीसारखा लाल, शेपटीची पिसे काळी आणि उन्हात हिरवी झळकणारी, डोळा नारिंगी. किराणा दुकानाच्या काट्यावर त्याचे वजन दोन किलो तीनशे ग्रॅम भरले. त्याला पाहण्यासाठी मी वाट वाकडी करून त्यांच्या दारावरून जाऊ लागलो. माळेगावच्या प्रदर्शनात त्याला न्यावे, ही कल्पना तिची नव्हे, माझी. मे २०२० मध्ये मी निवृत्त व्हायचा होतो. शाळेचे नाव कोठेतरी एकदा छापून यावे, मुलीच्या हातात एखादा करंडक असावा आणि तिच्या पाठीमागे मी उभा असलेले छायाचित्र निघावे, अशी माझी सुप्त इच्छा होती. ती तेव्हा मी स्वतःशीही कबूल केली नव्हती.

तयारी दीड महिना चालली. प्रदर्शनात नुसता रंग पाहत नाहीत. परीक्षक पक्षी उचलून छातीचे हाड सरळ आहे का हे बोटांनी चाचपतात, पायांचे खवले पाहतात, पंख उघडून उवा शोधतात. म्हणून पक्षी माणसाच्या हाताला सरावलेला हवा. ती रोज रात्री त्याला मांडीवर घेऊन बसे आणि त्याच मांडीवर पाढे पाठ करी. जुन्या दातांच्या ब्रशाने कोमट पाण्यात त्याचे पाय घासून काढी, तुऱ्याला खोबरेलाचे बोट लावी. गावच्या सुताराने फळकुटांचा एक पिंजरा करून दिला. त्यात पहिले चार दिवस कोंबडा डोके आपटत राहिला. पाचव्या दिवशी त्याने पिंजऱ्यात उभे राहून बांग दिली. ही वार्ता ती धावत शाळेत सांगायला आली होती. मी त्या वेळी वेतनाचे कागद भरीत होतो. ते बाजूला सारून मी तिला दोन वेळा सांगायला लावले.

डिसेंबरच्या अखेरच्या आठवड्यात यात्रा होती. निघायला तीन दिवस उरले असताना ती सकाळी शाळेच्या दाराशी येऊन उभी राहिली. दप्तर नव्हते.

"सर, मागच्या आळीत कोंबड्या मरायल्यात."

"किती?"

"काल चार. आज सकाळी सात. माना वळल्यात."

मी म्हणालो, "तुझ्या कोंबड्याला लस दिली आहे ना? मग त्याला काय होणार?"

"त्याला नाही होणार, सर."

"मग झाले तर."

ती गप्प राहिली. मग खाली पाहत म्हणाली, "त्याला होणार नाही. पण त्याच्यासंगं जाईल ना. त्याच्या पायाला, पिंजऱ्याला. तिथं दहा गावच्या कोंबड्या येतात."

मुलांनो, मी तुम्हांला खोटे सांगणार नाही. त्या क्षणी मला तिचा अभिमान वाटला नाही. मला तिचा राग आला. मी तिला समजावू लागलो. पिंजरा धुऊन घेऊ, म्हणालो. कोंबडा ठणठणीत आहे, तो मागच्या आळीत कधी गेलेला नाही, म्हणालो. वर्षभराची मेहनत एका शंकेपायी वाया घालवायची का, असेही म्हणालो. शेवटी तर शाळेच्या नावाचा विषय काढला. मुख्याध्यापकाने सातवीतल्या मुलीपुढे शाळेचे नाव काढणे म्हणजे तिच्या खांद्यावर आपले ओझे टाकणे होय, हे मला कळत नव्हते असे नाही. ती रडली नाही. "आजीला विचारून येते," एवढेच म्हणाली आणि गेली.

ती गेल्यावर मी पशुधन पर्यवेक्षकांना फोन लावला. माझ्या मनात होते, की हे जाणकार गृहस्थ 'काही हरकत नाही' म्हणतील आणि माझी बाजू बळकट होईल. त्यांनी सारे ऐकून घेतले. मग म्हणाले, की रोगाची बाधा झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत बहुधा पाच-सहा दिवस जातात, कधी दोन आठवडेही लागतात. लस दिलेला पक्षी स्वतः आजारी पडत नाही, परंतु त्याच्या शरीरात विषाणू शिरून त्याच्या घाणीवाटे बाहेर पडू शकतो. पिंजरा, माणसाची चप्पल, हात, दाण्याचे पोते, कशावाटेही तो पसरतो. "गावात मर लागली असताना एकही पक्षी गावाबाहेर नेऊ नये," ते म्हणाले. "पण मुलीला हे कोणी सांगितले? तुम्हीच शिकवलेत का?"

मी 'नाही' म्हणालो. तेवढे खरे बोलण्याचे धैर्य मला त्या दिवशी झाले.

संध्याकाळी मी तिच्या घरी गेलो. आजी उंबऱ्यात बसल्या होत्या. प्रदर्शनात बक्षीस लागलेल्या कोंबड्याला चांगले गिऱ्हाईक मिळते, हे त्यांच्या कानी आलेले होते आणि त्या पैशांतून दिव्याची थकलेली बिले भरण्याचा त्यांचा बेत होता. त्या माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "गुरुजी, पोरगी म्हणती ते मला समजत नाही. पण मागल्या आळीतल्या बाया रडायल्यात, ते दिसतंय." पिंजरा भिंतीला उलटा टेकवून ठेवला होता. कोंबडा आणि घरच्या साऱ्या कोंबड्या खोलीत डालग्याखाली होत्या. दाराशी चुन्याची भुकटी पसरलेली होती. मला तिने चप्पल बाहेर काढायला लावली.

पुढचे दोन दिवस ती मागच्या आळीत जाऊन मेलेल्या कोंबड्या पुरायला सांगत होती. आपल्याकडे मेलेली कोंबडी ओढ्यात किंवा उकिरड्यावर टाकतात. कुत्री ती गावभर नेतात. खोल खड्डा खणून, चुना घालून पुरावी, एवढेच तिचे सांगणे. ज्यांनी उन्हाळ्यात तिला परत पाठविले होते, त्यांनी या वेळी खड्डे खणले. ती स्वतः अंगणाबाहेरूनच बोलत असे, आणि घरी आल्यावर चुलीपुढे न जाता आधी न्हात असे.

यात्रेला आम्ही गेलोच. शाळेची सहल ठरलेली होती, ती रद्द करण्याचे कारण नव्हते. तिने कपाटात ठेवलेले शाळेचे बूट घातले होते. घरची चप्पल गावातच ठेवली होती. घोडे पाहून झाले, कुस्त्यांच्या फडाजवळून जाऊन झाले, मुलांनी गोडी शेव खाल्ली. मग ती मला म्हणाली, "कोंबड्या बघू या का, सर?"

पिंजऱ्यांपासून चार हातांवर ती उभी राहिली. हात पाठीमागे बांधलेले. मी जवळ जाऊन पाहू लागलो तर तिने मला सदऱ्याला धरून मागे ओढले. मुख्याध्यापकाला सदऱ्याला धरून ओढणारी विद्यार्थिनी मला नोकरीत ती एकच भेटली. कडकनाथाचा एक काळाकुळीत नर होता, तुरासुद्धा काळा. उंच मानेचे, भांडखोर डोळ्यांचे असील होते. गावरान कोंबडेही होते. त्यांतल्या एका तांबड्याकडे ती बराच वेळ पाहत राहिली. मलाही तो पाहता आला नाही असे नाही. तो चांगला होता. पण शेपटीला ती हिरवी झळक नव्हती.

पिंजऱ्यामागे तिच्याच वयाचा एक मुलगा बसला होता. त्याने विचारले, "तुमच्यात कोंबड्या हायत का?"

"हायत."

"मग आणल्या नाहीत?"

"गावात मानमोडी आलीय."

मुलगा चटकन उभा राहिला आणि त्याने आपला पिंजरा स्वतःकडे ओढला. मला ते फार लागले. तिला मात्र त्यात वावगे काही वाटले नाही. ती आणखी दोन पावले मागे सरली आणि तेथूनच त्याला विचारू लागली, की तुझ्या कोंबड्याला थेंब दिला होता का, दुसरी लस टोचली का, कोणत्या महिन्यात? त्याने टोचली नव्हती. भोवती ताशे कडकडत होते, दोघांनाही ओरडून बोलावे लागत होते. शेवटी त्याने एक कागद मागितला, मी खिशातून काढून दिला, आणि त्यावर तो लसीचे दिवस लिहून घेऊ लागला. त्या सकाळी त्याच्या कोंबड्याला बक्षीस मिळाले की नाही, ते पाहायला आम्ही थांबलो नाही. आमची गाडी तीन वाजता सुटायची होती.

पुढच्या वर्षी पाहू, असे मी गाडीत तिला म्हणालो. पुढचे वर्ष कसे आले ते आपण सर्वांनी पाहिले आहे. २०२० च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये कोंबडी खाल्ल्याने करोना होतो अशी खोटी आवई उठली आणि कोंबड्यांचे भाव मातीमोल झाले. मागोमाग टाळेबंदी आली. मी निवृत्त झालो तो निरोपसमारंभावाचून. जानेवारी २०२१ मध्ये माळेगावची यात्रा भरलीच नाही. आणि ज्या दिवसांत ती भरायची, नेमक्या त्याच दिवसांत परभणीजवळच्या मुरुंबा गावी सुमारे ८०० कोंबड्या मेल्या व तो बर्ड फ्लू असल्याचे निष्पन्न झाले. लातूर जिल्ह्यातील अहमदपूर तालुक्यातूनही तशीच बातमी आली. अहमदपूर म्हणजे आमच्या शेजारचाच तालुका. हा रोग मानमोडीहून निराळा. तो माणसालाही होऊ शकतो, म्हणून बाधित ठिकाणाभोवतीच्या एक किलोमीटरमधले सारे पक्षी, निरोगीसुद्धा, सरकारला मारून पुरावे लागतात.

ती बातमी वाचून मला राहवले नाही. आमचे गाव त्या टापूबाहेर होते, तरी मी तोंडाला पट्टी बांधून गेलो. मागच्या आळीतून जाताना खुराड्यांची दारे बंद दिसली. तिच्या दाराशी पोचताच मी आपण होऊन चप्पल काढली.

अंगणात कोंबडा दिसला नाही. मी विचारायच्या आधीच तिने वही आणून दिली. आता ती आठवीत होती. अक्षर सुधारले होते. मी पाने उलटीत गेलो. डिसेंबर २०१९ च्या पानावर होते : 'कोंबडा : वजन २ किलो ३५० ग्रॅम. प्रदर्शन : नेला नाही.' त्यापुढे एप्रिल २०२० चे पान : 'वडिलांचे काम बंद. कोंबडा विकला. रु. २५०. दाणे आणले.' त्याखाली तिने एक ओळ लिहून खोडली होती. ती वाचण्याचा मी प्रयत्न केला नाही.

"चांगला भाव आला नाही," मी म्हणालो.

"तेव्हा कुणालाच येत नव्हता, सर," ती म्हणाली. मग मला खोलीच्या कोपऱ्याकडे घेऊन गेली. तेथे तेच फुटके टोपले होते, आणि त्यात पिसे फुलवून तांबडी बसली होती. आम्हांला पाहताच तिने घशातून खरखर केली. आजींनी विजेरी माझ्या हातात दिली. आज सातवी रात्र आहे, तेव्हा गुरुजींनी बघूनच जावे, असे त्या म्हणाल्या.

दिवा मालविला. तिने पहिले अंडे उचलून विजेरीच्या तोंडावर धरले, आणि मी डोळ्यांवरचा चष्मा पुसून वाकून पाहू लागलो.